शून्यावर ठेवलेला आवाज

१

कोरेगावच्या शाळेत त्या दिवशी मुलांचे कान तपासत होते. कानाला हेडफोन लावायचा, यंत्र बारीक सूर काढणार, सूर ऐकू आला की मुलानं बोट वर करायचं. सकाळपासून मुलं हसत हसत बोटं वर करत होती. दुपारी तिसरीतली नीलिमा खुर्चीवर बसली. तिनं बोट वर केलं नाही. तिनं किंकाळी फोडली, हेडफोन उपटून फेकला आणि दोन्ही हातांनी कान दाबून ती फरशीवर लोळायला लागली. कोपऱ्यात पडलेल्या हेडफोनमधून निघणारा आवाज वर्गाच्या दारापर्यंत येत होता.

तिची आई मनुबाई धावत आली. पोरीला कवटाळून तिनं यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसांकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, "ह्ये कुणी केलं? नाव सांगा."

कुणापाशी नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीला, विश्रामबागेत, बाळासो मगदूम आपल्या कारखान्यातल्या खुर्चीत घुश्शात बसला होता. समोर त्याचे जुने सर, दस्तगीर शिकलगार. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेला हा गृहस्थ स्वभावानं इतका भिडस्त, की दुकानदारानं चुकीचा माल दिला तरी परत द्यायला जात नसे. आपल्याला इथं का बोलावलं आणि आपल्या हातून काय होणार, हेच त्यांना उमगत नव्हतं.

"सर, त्या पोरीच्या एका कानाचा डॉक्टर भरवसा देत न्हाईत," बाळासो म्हणाला. "ड्रायव्हरमध्ये कुणीतरी एक ओळ घातलीय. त्या ओळीनं आवाज एकदम पुऱ्या जोरावर गेला."

यंत्र म्हणजे लिनक्सवर चालणारा साधा कॉम्प्युटर होता. फक्त त्यातलं नवं साउंड कार्ड बाळासोच्या कारखान्यात बनलेलं, आणि लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, ते ओळखीचं नव्हतं. कर्नल आणि कार्ड यांची गाठ घालून देणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. त्यात कुणी काहीही बदल केला तरी तो आत जाण्याआधी दीपमाला खरात वाचायची. तिनं 'ठीक' म्हटल्याशिवाय स्वल्पविरामसुद्धा आत जात नसे.

"ओळ चुकून आली असेल," सर दबक्या आवाजात म्हणाले.

"चुकून? यंत्र चालू होऊन लय वेळ झाला तरच ती ओळ जागी होती. आमी इथं टेबलावर थोडा वेळ तपासतो, तवा दिसत न्हाई. शिबिरात दिसती. ह्याला चुकून म्हणायचं?"

"साताऱ्याच्या शाखेला कळवलंत?"

"माझ्या मेव्हण्याचा, सयाजीचा, आदीच फोन आला. शिबिर सुटायच्या टायमाला. 'काय दाजी, मशीन मुकं पडलं का?' म्हणून दात काढत हुता. मी दिली एक शिवी. पोरगी दवाखान्यात हाय म्हटल्यावर गप झाला." बाळासोनं टेबलावर हात आपटला. "उद्या संध्याकाळी मला पोलिसांत नाव द्यायचंय, सर. नाव तयार हाय. दीपमाला खरात. ती ओळ तिच्या सहीनं आत गेलीय. तुमी फक्त तिच्याकडनं कबूल करून घ्या."

२

दीपमालाच्या टेबलाभोवती एकही खुर्ची नव्हती. काल होत्या, आज कुणीतरी उचलून नेल्या होत्या. सरांना उभं राहूनच बोलावं लागलं.

"कबुली घ्यायला आलात?" मान वर न करता तिनं विचारलं.

"मी... विचारायला आलो. तुम्हाला नसेल बोलायचं तर..."

"माझा बाप वडूजला सुतारकाम करतो, सर. मी बी.ई. झाले तेव्हा त्यानं गावभर पेढे वाटले. उद्या पेपरात नाव आलं की तेच गाव दारात येईल. मला बोलायचं नाही असं कसं म्हणू?" तिनं मान वर केली. डोळे कोरडे होते आणि रागानं तापलेले. "पण इथं ऐकायचंय कुणाला? कालपासून माझ्या कपात कुणी चहा ओतलेला नाही."

"ती ओळ तुम्ही वाचली होती?"

तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "नाही."

"पण तुमची सही..."

"सही माझी. ओळ वाचली नाही. सयाजी फाळकेसाहेबांचा बदल होता, साताऱ्याहून आलेला. आवाज मध्येच तुटतो, टकटक होते, त्यावरचा. पहिल्यांदा आला तेव्हा मी अक्षर न् अक्षर वाचलं. दोन ठिकाणी हरकत घेतली आणि परत पाठवला. दुरुस्त करून दुसऱ्यांदा फ्लॉपीवर आला." ती थांबली. "इथली रीत अशी, की हरकत घेतली होती त्या जागा बघायच्या. त्या सुधारल्यात, तर बदल आत घ्यायचा. मी त्या दोन जागा बघितल्या. बाकीचं वाचलेलंच होतं ना!"

"म्हणजे दुसऱ्या खेपेला त्यात नवीन काही आलं असलं तर..."

"तर मी आंधळी. तेच म्हणतायत सगळे."

"ती फ्लॉपी कुठंय?"

"पुसली. इथं फ्लॉपी पुसून पुन्हा वापरतात. मगदूमसाहेबांचा नियम." ती कडवट हसली. "फाळकेसाहेबांनी लिहिलं, मतीननं साताऱ्याहून आणलं, मी आत घातलं. माझ्या कॉम्प्युटरचा फ्लॉपी ड्राइव्ह बिघडलाय, म्हणून मतीननं आधी आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून मग मला दिलं. तीन हात लागलेत, सर. पण सही एकाच हाताची आहे."

"हे बाळासोंना सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, साताऱ्याकडं बोट दाखवायचं न्हाई, तो माझा मेव्हणा हाय."

३

नव्या कार्डावर काम करणारा मतीन बागवान सरांना बघून उठला नाही. हातातल्या, तारा जोडायच्या डागणीच्या टोकावरून निघणारा धूर त्यानं मुद्दामच त्यांच्या बाजूला जाऊ दिला.

"पेन्शनीत करमंना झालंय वाटतं?" तो म्हणाला. "विचारा. माझं नि तिचं भांडण हाय, हे आदी ऐकलं आसंल. नव्या कार्डाच्या आवाजाचा माझा भाग तिनं पाच वेळा परत धाडला. लाल शाईनं चाळण केली. मी सगळ्यांदेखत म्हटलं हुतं, बाई, एक दिवस तुझीच चूक निघू दे, मी पेढे वाटीन."

"वाटले का?"

मतीनचा चेहरा उतरला. "पोरीचा कान गेल्यावर कोण पेढे वाटंल, सर? तिच्याएवढी माझी भाची हाय."

"ओळ मला दाखवाल? मला तुमच्या कर्नलमधलं काही कळत नाही. सोपं करून सांगा."

मतीननं नाखुशीनं पडदा त्यांच्याकडं वळवला. "ही बघा. आवाजाच्या रजिस्टरात शून्य टाकलंय. रजिस्टर म्हंजे चिपमधली आकडा ठेवायची जागा."

"शून्य?" सर चक्रावले. "मग आवाज बंद व्हायला पाहिजे."

"सगळे हेच म्हणत्यात." मतीनला नकळत जोर चढला. "ह्या नव्या चिपमध्ये तो आकडा आवाजाचा न्हाई, आवाज किती दाबायचा त्याचा. मोठा आकडा टाकला तर सगळा दाबला, मुकं. शून्य म्हंजे अजिबात दाबायचा न्हाई. पुरा जोर. मुकं करायचं तर निराळं बटण हाय."

"आणि जुन्या कार्डात?"

"जुन्यात सरळ. शून्य म्हंजे गप. जुनं सयाजी फाळक्यांचं. नवं माझं. नव्याचा आवाजाचा भाग मीच लिवला." तो थबकला. आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानात आलं. डागणी खाली ठेवत त्यानं सरांकडं रोखून बघितलं. "म्हंजे शून्यानं कान फुटतो हे ज्याला म्हाईत, त्यानं ओळ घातली. म्हाईत असणारी माणसं इथं दोनच. ती आन् मी. आन् फ्लॉपी माझ्या हातनं आलीया. लिवा माझं नाव. व्हय, लिवा की!"

सरांनी काहीच लिहिलं नाही. जिन्यात ते क्षणभर उभे राहिले. मतीनचं म्हणणं बिनतोड होतं, आणि नेमकं तेच त्यांना खुपत होतं. गुन्हा लपवायची एवढी तजवीज करणारा माणूस सगळा गाव गोळा होईल असा आवाज कशाला काढेल?

४

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं सर साताऱ्याला गेले. पोवई नाक्याजवळच्या दोन खोल्यांत सयाजी फाळक्यांची शाखा होती. माणूस दिलदार. आल्या आल्या चहा, कंदी पेढे, "बसा की आवं" असा पाहुणचार. पण बाळासोचं नाव निघालं आणि आवाज बदलला.

"कारखाना मी उभा केला, सर. पहिला ड्रायव्हर माझा. पहिलं कार्ड माझं. दाजीनी काय केलं? मला हितं आणून टाकलं आन् त्या बागवानाच्या पोराला डोक्यावर घेतलं. कोरेगावचं शिबिर नव्या कार्डाची परीक्षा हुती. पास झालं आसतं तर ह्या महिन्यात ही शाखा बंद. माझ्या हाताखालची माणसं घरी."

"आता?"

"आता कोण घेतंय त्या कार्डाचं नाव!" सयाजीनं हात झटकला. "मी पहिल्यापासनं सांगत हुतो, कार्ड कच्चं हाय. गरम झालं की बिघडणार. बिघडलं. त्या लेकराचं लय वाईट झालं, सर. दोन दिस जेवण ग्वाड लागत न्हाई. पण त्येला जबाबदार मतीन. त्याचं कार्ड बोंबललं."

"ते म्हणतात, ड्रायव्हरमधल्या एका ओळीनं झालं."

"कसली ओळ? ड्रायव्हर मला सांगू नका. नवं कार्ड आसू दे न्हाईतर जुनं, ड्रायव्हर माझाच हाय."

सरांची नजर खोलीभर फिरली. टेबलावर जुनी कार्डं पसरलेली होती. नवं कार्ड फळीवर होतं, सांगलीहून आलं तसंच, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंडाला चिकटपट्टी.

"हे उघडलं नाहीत?"

"त्याला काय हात लावायचा?" सयाजी तुच्छतेनं म्हणाला.

सरांनी चहा संपवला. हा मुलगा त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा. आपला तर्क चुकीचा ठरावा असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि आजवर ते पुष्कळदा चुकलेही होते.

"सयाजी, माझ्याबरोबर सांगलीला येशील? संध्याकाळी नाव द्यायचंय. तू असलास तर बरं."

"येतो की," सयाजी उठला. "त्या बागवानाला तोंडावर सांगतो."

५

बाळासोच्या खोलीत पाच माणसं होती आणि कुणी कुणाकडं बघत नव्हतं. टेबलावर शिबिरातलं यंत्र होतं, त्याच्यावर हेडफोन. दीपमाला भिंतीला टेकून उभी. मतीन दारात, हाताची घडी घालून.

"लवकर आटपा, सर," बाळासो म्हणाला. "फौजदार वाट बघत्यात."

सर घसा खाकरून म्हणाले, "मी काही सांगण्याआधी एक करू या. तीच ओळ, काही न बदलता, यंत्रावर आहे. वाट बघायला लागू नये म्हणून ती लगेच जागी होईल असं मतीनकडून करून घेतलंय. ती चालवत असताना हेडफोन कानाला कोण लावेल?"

"डोकं फिरलं का तुमचं?" मतीन ओरडला. दीपमालानं झटकन दोन्ही हात कानांवर नेले. बाळासोची खुर्ची मागं सरकली.

सयाजी मात्र पुढं झाला. पडद्यावर वाकून त्यानं ओळ वाचली आणि मोठ्यानं हसला. "ह्याला भ्याला? आरं, शून्य हाय शून्य! ह्येनं काय कान फुटतोय? आवाज बंद हुतो. बघा." आणि त्यानं हेडफोन उचलून कानांवर चढवला. "करा सुरू."

"फाळकेसाहेब, काढा तो!" दीपमाला किंचाळली.

"करा की सुरू!"

सरांनी आपली मूठ उघडली. हेडफोनच्या वायरीचं टोक त्यांच्या तळहातावर होतं, यंत्रात खोचलेलंच नव्हतं. तिथं दुसरीच वायर होती, टेबलाखालच्या स्पीकरची. त्यांनी कळ दाबली.

खोलीभर असा कर्कश आवाज उठला, की खिडकीची काच थरथरली. मतीननं धावत जाऊन वायर उपटली. हेडफोन अजून सयाजीच्या कानांवर होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"न्हाई," तो पुटपुटला. "शून्यानं मुकं हुतंय... मुकं व्हायला पायजेल हुतं..."

"पाहिजे होतं, म्हणजे कुणाला?" सरांनी विचारलं.

सयाजीनं पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली.

"आपण सगळे विचारत बसलो, मुलीचा कान फोडायचा कुणाच्या मनात होतं," सर हळूहळू म्हणाले. ते सयाजीकडं बघत नव्हते. "कुणाच्याच नव्हतं. ती ओळ लपून बसणारी. घालणाऱ्याला वाटत होतं, शिबिरात यंत्र आपोआप गप्प व्हावं आणि लोकांनी म्हणावं, नवं कार्ड बंद पडलं. कान फोडून ते लपलं नसतं. म्हणजे त्यानं शून्य लिहिलं ते गप्प करायला. नवं कार्ड हाताळलेला माणूस गप्प करायला शून्य लिहिणार नाही. मतीन लिहिणार नाही, त्यानंच तो भाग लिहिलाय. दीपमाला लिहिणार नाही, तिनं तो पाच वेळा तपासलाय. ज्यानं कार्डाची पिशवीसुद्धा फोडली नाही, तोच लिहील. आणि शिबिर संपताना, काय झालं हे कुणी सांगण्याआधी, फोन करून विचारील, मशीन मुकं पडलं का?"

बाळासो ताडकन उठला. "सयाजी?"

सयाजीनं हेडफोन काढला. तो बसला नाही, पडला, त्या खुर्चीत. "दाजी, आईची शपथ. मला कुणाला दुखवायचं न्हवतं. नुसतं गप करायचं हुतं. यंत्र गप झालं तर कुणाचं काय वाईट हुणार हुतं? मला वाटलं, कार्डच बिघडलं. खरंच वाटलं."

६

बाळासो खिडकीपाशी गेला. मग वळला तेव्हा त्याचा आवाज निराळाच होता, मऊ, व्यवहाराचा.

"सर, झाली ती चूक. मुद्दाम न्हाई. माझ्या बायकोचा भाऊ हाय तो. आपण असं करू, यंत्रात बिघाड झाला म्हणू. पोरीचा सगळा इलाज मी करतो. आन् दीपमाला, तुमी राजीनामा द्या. पोलिसात नाव न्हाई जायाचं. शेवटी न वाचता आत घातली ती तुमीच."

मतीन दारातून म्हणाला, "वा, मालक!"

सरांना बोलायचं होतं. बोलली ती दीपमाला. भिंतीपासून ती टेबलापाशी आली आणि पडद्यावरच्या ओळीवर तिनं बोट ठेवलं, दुसऱ्याचा बदल तपासताना ठेवायची तसं.

"फाळकेसाहेब, ही ओळ मी त्या दिवशी वाचली नाही. आज वाचते. समजा, तुम्हाला हवं होतं तसंच झालं. यंत्र मुकं झालं. पोर हेडफोन लावून बसलंय, सूर येत नाही, बोट वर होत नाही. समोरचा माणूस काय लिहिणार? यंत्र बंद आहे असं? त्याला कसं कळणार? तो लिहिणार, ह्या मुलाला ऐकू येत नाही. त्याच्यामागच्याला नाही. त्याच्यामागच्यालाही नाही. कोरेगावची अर्धी शाळा बहिरी ठरली असती. पुढच्या महिन्यातल्या शिबिरांत माणची, खटावची. आईबापांनी पोरांची शाळा सोडवली असती. आणि कुणीच किंचाळलं नसतं, म्हणून कुणाला कधी कळलंही नसतं."

तिनं ओळीवरचं बोट उचललं.

"तुमची ओळ तुम्हाला हवी तशी चालली असती तर जास्त वाईट झालं असतं," ती म्हणाली. "हा माझा रिव्ह्यू. आणि मगदूमसाहेब, राजीनामा मी देणार नाही. हवं तर काढून टाका. मी न वाचता सही केली, तेही फौजदारांना सांगा, मीच सांगते. पण जेवढं माझं तेवढंच. त्यांचं माझ्या नावावर घालायचं नाही."

बाळासोनं फोनकडं बघितलं, मग मेव्हण्याकडं. त्या नजरेत राग होता, विनवणी होती, आणि कुणीतरी आपल्याला ह्यातून सोडवावं अशी आशाही होती. सयाजीनं ती आशा ठेवू दिली नाही.

"लावा, दाजी," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "माझंच नाव सांगा. बाई म्हणती ते खरं हाय. माझ्या डोक्यातच आलं न्हाई ते."

बाळासोनं फोन लावला. नाव सांगताना त्याचा आवाज दोनदा फाटला, पण नाव त्यानं पुरं सांगितलं. फोन ठेवल्यावर दीपमालाकडं बघून तो फणकारला, "झालं समाधान?"

"नाही," ती म्हणाली. "कोरेगावला जायची गाडी किती वाजता आहे? नीलिमाच्या आईनं नाव विचारलंय. दोन नावं आहेत. त्यातलं माझं मी स्वतः जाऊन सांगते."

मतीननं दाराची वाट मोकळी केली. तिची पिशवी तिच्या टेबलावरून उचलून आणून त्यानं तिच्या हातात दिली.